नवं-जुनं

डिसेंबरच्या अंकात या सल्ल्याच्या सदरासाठी येणाऱ्या पत्रांचा सूर दरसाल एकच असतो: वर्ष गेलं, हाती काय लागलं? यंदा अर्धी पत्रं टपालानं आली, अर्धी व्हॉट्सॲपवर. एका भावानं तर लिहिलंच नाही, रात्री हरभऱ्याला पाणी देता देता बोलून पाठवलं. मागं मोटरीचा आवाज, मधेच कुत्रं भुंकतं आणि हा विचारतो, 'काका, माणसाचा ताळेबंद कसा काढायचा?' मोटर बंद झाली तशी त्याची लाइनही गेली असावी, कारण पुढचा प्रश्न आलाच नाही.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी चौतीस वर्षं सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो. पाच गावांची खाती माझ्याकडं. आता सातपुड्याच्या पायथ्याशी चार एकर वाहतो. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, 'नवं-जुनं'. मार्च एन्डला कास्तकार कुणाकडून तरी आठ दिवसांसाठी शेकडा दोन-तीन रुपयांनी पैसे आणतो, पीककर्ज भरतो, आणि एप्रिलात तेच कर्ज नव्यानं उचलून त्या माणसाचे पैसे फेडतो. कागदावर खातं नियमित. मुद्दल होतं तिथंच, वरून आठ दिवसांचं व्याज खिशातून गेलेलं. वर्षाखेरीला लोक मला जे संकल्प लिहून पाठवतात, ते वाचताना मला हाच शब्द आठवतो.

तसं आपल्याकडं ३१ डिसेंबरला कुणाचंच वर्ष संपत नाही. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला फिरतं, सोसायटीचं ३१ मार्चला, आणि कपाशीचं शेवटचा वेचा होऊन पऱ्हाटी उपटली की. तरी कॅलेंडर बदलतं आणि माणूस खिडकीतून बाहेर बघत बसतो, हेही खरंच.

पहिलं पत्र एका पोराचं. मी २८ वर्षांचा आहे, घाटंजी तालुक्यातला. चार वर्षांपासून चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहे. पगार एकवीस हजार. खोली, मेस, येणं-जाणं जाऊन महिन्याला सहा हजार उरतात. दिवाळीत घरी आलो तेव्हा बाबांनी विचारलं, 'चार वर्षांत काय कमावलं?' मला सांगता आलं नाही. घरी पाच एकर आहे. नव्या वर्षात परत यावं का?

बाबू, तू आकडा दिलास ते बरं केलंस. बहुतेक पोट्टे नुसती खंत पाठवतात.

आता तुझ्या बाबांचा आकडा मांडू. पाच एकर कपाशी, एकरी सहा क्विंटलचा उतारा धरतो, म्हणजे तीस क्विंटल. खेडा खरेदीवाला दारातून सात हजारांनी नेतो, दोन लाख दहा हजार झाले. वेचणी किलोला बारा रुपये धरली तर छत्तीस हजार तिथंच गेले. बियाण्याच्या दहा पिशव्या, २०२५च्या भावानं ९०१ रुपयांची एक, नऊ हजार. खत, फवारे, निंदण, डवरे, नांगरट, गाडीभाडं मिळून त्र्याण्णव हजार पकड. उरले बहात्तर हजार. तुझे महिन्याचे सहा हजार गुणिले बारा किती होतात, ते तूच कर.

तुम्ही बापलेक एकाच आकड्यावर उभे आहात आणि दोघांनाही वाटतं की समोरचा काहीतरी दडवतोय. तेव्हा पहिलं काम, एका कागदावर दोन्ही हिशेब मांडून बाबांच्या समोर ठेव. त्यांचाही मांड, कारण त्यांनी तो स्वतः कधी मांडलेला नसणार. मी हजारभर कास्तकारांची खाती पाहिली. वेचणीचा खर्च पाठ असलेले बरेच निघाले, बायकोची आणि स्वतःची मजुरी धरणारा मात्र विरळाच.

दुसरं काम तू नोकरी न सोडताही करू शकतोस. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६च्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये होता. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, माल घालायचा तर त्याच हंगामापासून 'कपास किसान' या मोबाइल ॲपवर नोंदणी लागते. सातबारा, पेरा, आधार, सगळं त्यात भरावं लागतं. आमच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं त्या ॲपला भिऊन दारातल्या गाडीत कापूस ओततात. तुझे बाबाही त्यातलेच असतील. नोंदणी तू करून दे. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि बाराच्या वर गेला की घेतच नाहीत, म्हणून दवातला सकाळचा वेचा पसरून वाळवायला सांग. कपात आणि गाडीभाडं जाऊन तीस क्विंटलमागं पंचवीस हजार जास्त पडले, तर ती तुझी चार महिन्यांची बचत झाली. बाबांनी पुढच्या वेळी विचारलं तर हा आकडा सांग.

परत यायचं की नाही ते डिसेंबरात ठरवू नको. या दिवसात वावर नवरीसारखं दिसतं. कापूस फुटलेला, तूर शेंगांनी लदलेली, हरभरा हिरवागार, हवा थंड. पुण्याहून आलेला कुणीही भुलेल. तू जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी टाकून ये. पाऊस येतो म्हणून दडी मारून बसलेला असेल, बियाणं उधार आणायचं असेल आणि बाबा दिवसातून चारदा अंगणात जाऊन वर बघत असतील. ते आठ दिवस घरात राहा. तरी वाटलं परत यावं, तर मला पत्र लिही, मग आपण पुढचं बोलू.

दुसरं पत्र एका ताईचं. मोर्शी तालुक्यातून लिहिते. माझ्या लहानपणच्या मैत्रिणीनं शिलाई मशीनसाठी माझ्या शब्दावर बचत गटातून पंधरा हजार उचलले. चार हप्ते भरले आणि थांबली. आठ महिन्यांपासून तिचा हप्ता मीच भरते आहे. आता मी दिसले की ती रस्ता बदलते. आम्ही दोघी एकाच ओसरीवर भुलाबाईची गाणी म्हणत मोठ्या झालो. वाटतं, वर्ष संपायच्या आत तिला म्हणून टाकावं, जाऊ दे, माफ केलं. तुम्ही काय सांगाल?

माफ करू नका ताई.

मी तीन कर्जमाफ्या पाहिल्या, २००८ची, २०१७ची आणि २०१९ची. त्या नको होत्या असं मी म्हणत नाही. गळ्याशी आलेल्या माणसाला श्वास मिळाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण सचिवाच्या खुर्चीतून आणखी एक दिसायचं. ज्याचं माफ झालं तो नंतर सोसायटीच्या ओट्यावर बसायला येत नसे. पूर्वी थकबाकीदार असताना तो यायचा, भांडायचा, चहा प्यायचा. माफ झाल्यावर लांबून नमस्कार. सरकारचं सोडा, सरकारशी कुणी मैत्री करत नाही. पण तुम्ही मैत्रिणीला 'माफ केलं' म्हणालात, की पुढची वीस वर्षं ती तुमच्याकडं खालमानेनं पाहणार.

ती रस्ता बदलते, याचा अर्थ तिच्या वहीत ते कर्ज अजून आहे. ज्यानं बुडवायचं ठरवलेलं असतं तो बिनधास्त समोरून येतो आणि वरून 'काय म्हणतं मग' विचारतो.

वसुलीचं एक शास्त्र आहे, ते सांगतो. दारात उभं राहून कधी मागू नये. शेजारी ऐकतात आणि माणूस खोटं बोलायला लागतो. आत जावं, बसावं, पाणी मागावं, लेकराबाळांचं विचारावं. मी तर पाण्यासोबत गुळाचा खडाही मागून घेत असे. पैशाचं उठताना काढावं आणि रक्कम इतकी लहान सांगावी, की 'नाही' म्हणायला समोरच्यालाच लाज वाटावी.

मशीन आहे ना तिच्याकडं? मग संक्रांत येतेच आहे, दोन पोलकी शिवायला टाका. शिलाई देऊ नका, हप्त्यात वळती करा आणि वहीवर तिच्यासमोर लिहा. गटातल्या बाकीच्या बायांनाही सांगा, पोलकी तिच्याकडं टाका म्हणून. राहिलेले पैसे फिटायला तीन वर्षं लागतील. लागू द्या. तीन वर्षं मापं द्यायला तुम्हाला तिच्या घरी जावं लागेल, हे काय कमी आहे?

एक मात्र करा. पुढच्या बैठकीत गटाच्या अध्यक्षबाईंना खरी गोष्ट सांगा. तुमच्या पदरचे हप्ते तिच्या नावानं जमा दिसतात, तो हिशेब खोटा आहे. मैत्रीपायी खोटी नोंद ठेवू नये, ती कधी ना कधी उलटते.

आर्वी तालुक्यातून लहान्या सुनेचं पत्र. २००४ साली सासऱ्यांनी तोंडी वाटणी केली, मागून कागद झाले. त्यात गट नंबरांची अदलाबदल झाली. जेठांच्या नावावरचं वावर आम्ही वाहतो, आमच्या नावावरचं ते वाहतात. यंदा अतिवृष्टीत आमची कपाशी गेली, मदत मात्र सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात पडली, म्हणजे जेठांच्या. त्यांनी दिली नाही, आमच्यानं मागवली नाही. तसेही दोघं भाऊ नऊ वर्षांपासून बोलत नाहीत. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. पंधरा दिवस तिकडं, पंधरा दिवस इकडं, आपला पाण्याचा गडवा हातात घेऊन जातात-येतात. यांना म्हणते, वर्ष सरतं आहे, जाऊन बोला. हे म्हणतात, त्यानं आधी बोलावं. काय करावं?

बाई, आधी कागदाचं सांगतो, ते सोपं आहे.

जानेवारी २०२३मध्ये राज्य सरकारनं 'सलोखा' नावाची योजना आणली, ती नेमकी अशाच घरांसाठी. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा ताबा बारा वर्षांहून जास्त असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार रुपये आणि नोंदणी फी एक हजार रुपये. एरवी लाखांच्या घरात जाणारा खर्च दोन हजारांत बसतो. तलाठी आणि मंडळ अधिकारी वावरात येऊन पंचनामा करतात, शेजारच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) कास्तकारांना विचारतात. तुमची तर वीस वर्षं झाली. योजनेला मुदत असते, ती तलाठ्याकडून पक्की करून घ्या आणि मगच पुढं जा. अट एकच मोठी आहे, दोघांची संमती. म्हणजे बोलावं तर लागेलच.

पण बोलणं सुरू करायला हा कागद फार चांगला आहे. 'चूक झाली, जवळ ये' असं म्हणणं आपल्याकडच्या पुरुषाला जड जातं. 'सही पाहिजे' हे तो म्हणू शकतो. तुमच्या मालकांना तेवढंच म्हणायला लावा. आणि गेल्यावर मदतीच्या पैशाचा विषय काढू देऊ नका.

का, ते सांगण्यासाठी मला माझंच खातं उघडावं लागेल. या सदरात हे मी आजवर लिहिलं नव्हतं.

माझा मोठा भाऊ आणि मी, आमच्या मधल्या धुऱ्यावर बाभूळ होती. जुनी, बुंधा कवेत न मावणारी. २०११ साली ती वाळली म्हणून मी कापून विकली. बावीसशे रुपये आले. दादाला विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. मला वाटलं, बाभळीचा राग आहे. त्याच्या हिश्शाचे अकराशे, एक हजाराची नोट आणि एक शंभराची, मी पाकिटात घातले आणि सोसायटीच्या कपाटात ठेवले. पाकिटावर लिहिलं, 'शरीक रक्कम', म्हणजे सामाईक. वाटलं, पोळ्याला देऊ. पोळा गेला. दिवाळीला देऊ. ती गेली. दर ३१ मार्चला कपाट आवरताना पाकीट हाताला लागे आणि मी ते परत वरच्या खणात ठेवी. पाच गावांना नवं-जुनं करू नका म्हणून सांगणारा माणूस, स्वतः वर्षाला एकदा तेच करायचा.

मग ८ नोव्हेंबर २०१६ आला. हजाराची नोट रद्द. १४ तारखेपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायची मनाई झाली, तेव्हा आमच्याकडं तर सगळा गोंधळच. लोक रांगेत उभे, कापूस विकलेले पैसे हातात, मी या बँकेतून त्या बँकेत सभासदांना पाठवतोय. जुन्या नोटा भरायची शेवटची तारीख ३० डिसेंबर. मला मनातून आनंद झाला होता, बाई. आता निमित्त सापडलं. दादाकडं जायचं आणि म्हणायचं, 'ही नोट तुझी आहे, तुझ्या खात्यात भर, नाहीतर मरेल.' भांडणाचं बोलणंच नको, नुसतं तारखेचं.

२८ला गेलो नाही, ऑडिट होतं. २९ला त्याच्या घरापर्यंत गेलो, दारात बैल बांधलेले, दादा दिसला नाही, परत फिरलो. ३० तारखेला संध्याकाळी पाच वाजता मी ऑफिसात बसून पाकिटाकडं बघत होतो.

जानेवारी २०१८मध्ये दादा गेला. तेरवी झाल्यावर मी वहिनीला पाकीट दाखवलं आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भाऊजी, त्याईले त बाभयीची यादबी नव्हती. मामंजीच्या तेरवीले तुमी दुपारून आले, पंगत उठल्यावर. ते त्याईच्या मनात होतं."

बापाची तेरवी बाभळीच्या दोन महिने आधी झाली होती. त्या दिवशी तालुक्याला वसुलीची मीटिंग होती आणि मी मीटिंग संपवून आलो होतो. मला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. सहा-सात वर्षं मी चुकीच्या खात्याला व्याज लावत होतो.

म्हणून सांगतो, तुमच्या मालकांनी सहीचा कागद घेऊन जावं, चहा प्यावा, आणि विचारावं, 'तुह्या मनात काय आहे?' तुम्हाला वाटतं अतिवृष्टीचे पैसे, त्यांच्या मनात दुसरंच काही असेल. खरं काय आहे, ते कदाचित सासूबाईंना ठाऊक असेल. महिन्यातून दोनदा त्या हद्द ओलांडतात. त्यांना विचारलं का कुणी?

मेहकरहून बी.ए.च्या शेवटच्या वर्षातली विद्यार्थिनी: दर १ जानेवारीला रोजनिशी सुरू करते, आठवड्यात एखादं पान वाईट गेलं की फाडते, मग वहीच सुटते. स्वतःत सुधारणा कशी होईल?

किर्दीचा, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचा, नियम सांगतो, बेटा. किर्दीतलं पान फाडत नाहीत आणि खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, बाजूला बरोबर रक्कम आणि सही. तू यंदा फक्त हेच कर. सुधारणेचं पुढच्या डिसेंबरात विचार. आणि वही शंभर पानीच घे, दोनशे पानी कोरी राहिली की उगाच रडू येतं.

अकोटहून एक जुने वाचक: दरसाल दुसऱ्यांचे हिशेब तपासता. तुम्ही स्वतः या वर्षात काय केलं?

भाऊ, भाकर शिकलो.

फेब्रुवारीत बायकोचा खांदा धरला. हात वर जाईना. पहिले आठ दिवस सुनेनं केलं, मग ती माहेरी गेली आणि मी चुलीसमोर बसलो. ज्वारीचं पीठ जुनं असेल तर भाकर फाटते, पाणी कढत नसेल तरी फाटते, आणि दोन्ही जमलं तर ती तव्यावर टाकताना फाटते. पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या शेळीनं खाल्ल्या. बायको बाजेवर बसून बघायची आणि काही बोलायची नाही. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तिनं दिवसाला दहा धरल्या तरी दीड लाखाच्या आत-बाहेर भाकरी थापल्या असतील. हा आकडा मी एका रात्री काढला आणि तिला सांगितला. ती म्हणाली, "पावती देता का?"

आता फुगते. काठ जाड राहतो अजून.

बाकी कामाचं म्हणाल तर तूर बरी आहे, सोयाबीन गेलं. दोन सोबती यंदा कमी झाले. दुपारी पारावर आता आम्ही तिघंच उरलो, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही, म्हणून भांडण होत नाही.

आणि एक. २० डिसेंबरला अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमची यात्रा सुरू होते, पुढं महिनाभर चालते. दादा आणि मी लहानपणापासून बंडीनं जायचो, राहुटी टाकून गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचो, हंडीत वांग्याची भाजी. २०११ नंतर मी गेलो नाही. दरसाल एक मित्र बोलावतो, दरसाल मी काहीतरी काम सांगतो. यंदा पत्रं वाचता वाचता मधेच उठलो आणि पुतण्याला फोन लावला. त्याच्याशी बोलणं कधी बंद नव्हतं, पण कामापुरतंच. म्हटलं, बहिरमला चलतोस का? तो दोन मिनिटं काही बोलला नाही. मग एकदम याद्या सुरू. वांगे मी आणतो, गोवऱ्या घरच्या आहेत, आईलेबी घेऊ, हंडी तिथंच भेटते.

मग म्हणाला, "काका, पन कनीक कोन मयीन? बाबा मयाचे."

म्हटलं, मी मळतो.